कानबाईच्या पुढे काही ठेवायचं नाही

मी विम्याच्या कार्यालयात बसून लोकांच्या अपघातांचे कागद तपासतो. गाडी कुठून आली, कुठे ठोकली, कोणत्या बाजूचा दिवा फुटला, हे इतकं वाचून झालंय की गाडी चालवण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. घरात हा समज फक्त माझाच होता. बायको तर जीपमध्ये माझ्या शेजारी बसली की पाय असे रोवते, जणू ब्रेक तिच्याच बाजूला आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर माणसं अध्यात्माकडे वळतात, निदान गुडघ्याच्या तेलाकडे तरी. मी मोबाईलकडे वळलो. जीपमागे चाकांचं छोटं घर जोडून देशोदेशी हिंडणारी नवरा-बायकोची जोडपी मी रोज बघू लागलो. ती तळ्याकाठी थांबत, कॉफी पीत आणि एकमेकांशी अजिबात भांडत नसत. मला वाटलं, हे सगळं त्या मागच्या घरामुळे असणार.

जीप माझ्याकडे होती, जुनी. घर नव्हतं. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक मंडपवाला राहायचा. त्याची जनरेटर वाहायची दोन चाकांची ट्रॉली पडून होती, कारण त्यानं आता टेम्पो घेतला होता. मी ती उचलली. दोन्ही बाजूंना निळे मोर काढलेले, आणि मागच्या फळीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘शुभमंगल सावधान’. त्यातलं ‘शुभमंगल’ उन्हानं उडून गेलं होतं. ‘सावधान’ तेवढं शाबूत होतं.

बायको ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आली. “यात झोपायचं?”

“वर छप्पर टाकू.”

“मोर झोपतील. आपलं घर आहे की.”

तिनं त्यावर जुनं धोतर अंथरलं आणि ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातल्या. दोन उन्हाळे माझं फिरतं घर एका जागी उभं राहून बिबड्या वाळवत होतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात मोठी माय आमच्या दारात येऊन उभी राहिली. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. ती भुसावळला तिच्या मुलाकडे राहते. तो मुलगा, माझा चुलतभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला. वयानं आणि घेरानं आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. भाऊशी बिनसलं की मोठी माय जळगावला येते, हे नेहमीचंच. पण या वेळी तिच्या हातात पिशवी नव्हती. लुगड्यात गुंडाळलेला कानबाईचा चौरंग होता. भुसावळहून गाडीत तो मांडीवर घेऊन आली होती. म्हातारी देव घेऊन चढली म्हटल्यावर लोकांनी जागा दिली, चौरंगाला तर खिडकी मिळाली.

“आते मी जास नही तिकडे,” ती म्हणाली आणि पाणी प्याली.

भांडण कानबाईवरून होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर देवी मांडायची, सगळ्या भाऊबंदांनी एका घरात जमायचं, नैवेद्याचे गव्हाचे रोट खायचे आणि सोमवारी तिला नदीवर पोचवायची. आमची कानबाई नरडाण्याजवळच्या आमच्या गावी, मोठ्या मायच्याच घरात बसायची. ते घर वर्षभर कुलपात असतं. तेवढे तीन दिवस उघडतं आणि तेवढ्या दिवसांत सुरतेपासून भुसावळपर्यंतची माणसं त्यात कोंबली जातात. भाऊचं म्हणणं, हे आता पुरे. भुसावळला त्याच्या घराजवळ चांगला हॉल आहे, पंखे आहेत, संडास आहेत. गावी सामान न्यायचं म्हणजे दरवर्षी टेम्पोचा घोळ.

टेम्पोचा घोळ खरा होता आणि तो मोठी मायच घालायची. टेम्पो दारात आला की ती चालकाला विचारायची, “काल यामां काय व्हतं?” एका वर्षी कोंबड्या निघाल्या, एका वर्षी खत. दोन्ही टेम्पो परत गेले.

भाऊचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. “तू तिला सांग. सामान कोण नेणार? कशात नेणार?”

आणि मी, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तो म्हणालो, “माझ्या ट्रॉलीत नेऊ. त्यात काल फक्त बिबड्या होत्या.”

पलीकडे भाऊ थोडा वेळ हसत होता. मग म्हणाला, “ठीक आहे. चौरंग, खापरं, सगळं सामान धड पोहोचलं तर कानबाई गावीच, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. वाटेत काही झालं, तर पुढच्या वर्षीपासून भुसावळ. आणि बघायला मी स्वतः बरोबर येणार.”

मी मोठ्या मायकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गाडी चालवण्यावर विश्वास टाकणारं आयुष्यातलं पहिलं माणूस. “चालई,” ती फोनला म्हणाली.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. मागे ओढायच्या गाडीचं मुख्य शास्त्र एकच: वजन कुठे ठेवायचं. मागे जास्त झालं तर गाडी शेपूट हलवते, आणि वेग वाढला की ते शेपूट पुढच्या गाडीलाही हलवतं. म्हणून निम्म्याहून जास्त वजन चाकांच्या पुढच्या बाजूला, म्हणजे शंभरातलं साठ पुढे आणि चाळीस मागे. आणि ट्रॉलीची जी दांडी जीपच्या हुकात बसते, तिच्यावर एकूण वजनाचा थोडा भार पडलाच पाहिजे. किती पडतो ते मोजायला परदेशी माणसं माणसांच्या वजनाचा काटा वापरतात. असा काटा आमच्या पलंगाखाली होता. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी आणला होता आणि दुसऱ्याच दिवशी बायकोनं तो तिथे सरकवला होता. मी तो पुसून जीपमध्ये ठेवला.

मोठ्या मायलाही मी शास्त्र समजावलं. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातली एक गाडी, तिला जोडलेली चिमुकली ट्रॉली, मागे वजन ठेवलं की ती वळवळते आणि उलटते, असा व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला.

“हाई कोना पोऱ्यानं खेळनं शे?” तिनं विचारलं.

शनिवारी सकाळी भाऊ पॅसेंजरनं आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. परीक्षकाकडे सामान नसतं. ट्रॉली गोमूत्र शिंपडून, धुऊन उभी होती. मोठ्या मायनं चौरंग धुतला, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. भुसावळहून येताना तो नुसता चौरंग होता. आता ती देवीची बैठक झाली होती, त्यामुळे चपला घालून माणसं बसतात त्या जीपमध्ये ती ठेवायचा प्रश्नच नव्हता. चौरंग ट्रॉलीत पुढच्या भागात, मधोमध ठेवला गेला आणि मोठ्या मायनं आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी कठड्याला बांधला.

मी गव्हाचं पोतं उचलून त्याच्या पुढे ठेवायला गेलो.

“ए पोऱ्या,” मोठी माय म्हणाली. या वयात मला पोऱ्या म्हणणारी ती एकटीच उरली आहे. “देवीना पुढे काही ठेवानं नही.”

“मग बाजूला?”

“तिना बरोबरीले बसाडस का पोतं?”

भाऊ आंब्याच्या झाडाखाली उभा राहून हे सगळं ऐकत होता. “हां,” तो म्हणाला, “चालू दे तुमचं शास्त्र.”

तर असं झालं की सगळं मागे गेलं. गव्हाची पोती मागे गेली. रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू लागतो, आणि सगळ्या पाहुण्यांचं जेवणही त्यातच, म्हणून पोत्यांचा हिशेब. हरभऱ्याच्या डाळीचं पोतं मागे, गुळाच्या ढेपी मागे, सिलिंडर, शेगडी, पितळेची मोठी पातेली मागे. मांडे भाजायची खापरं, म्हणजे उलट्या घागरीसारखी मातीची, गोधड्यांत गुंडाळून त्याच्याही मागे. पुढे चौरंग एकटा आणि त्याच्याभोवती एवढी मोकळी जागा की आणखी दोन देवी बसल्या असत्या.

साठ-चाळीस मला तोंडपाठ होतं. आणि इतकं शास्त्र शिकून मी काय केलं? ताडपत्रीची गाठ चांगली बांधली.

मोठी माय माझ्या शेजारी बसली, तो मानच तिचा. मागच्या बाकावर बायको आणि भाऊ, म्हणजे खरं तर भाऊ आणि उरलेल्या जागेत बायको. अमळनेरवरून गाव जवळ पडतं, पण खापरांना धक्के नकोत म्हणून आम्ही धुळ्यावरून चौपदरी रस्त्यानं निघालो. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. रस्ता गुळगुळीत, आभाळ ढगाळ, दोन्ही बाजूंना कपाशी. मी शीळ घातली. त्या परदेशी जोडप्यांसारखं वाटू लागलं होतं. कॉफीच तेवढी नव्हती.

एक ट्रॅक्टर हळू चालला होता. त्याला मागे टाकायला मी वेग वाढवला आणि जीपच्या ढुंगणाला कोणीतरी हलकासा धक्का दिल्यासारखं वाटलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग पुन्हा पहिल्या.

“अहो,” बायको मागून म्हणाली, “डावीकडून कोण ओव्हरटेक करतंय?”

मी आरशात पाहिलं. निळा मोर.

“आपलीच आहे,” मी म्हणालो.

“आता उजवीकडून येतेय.”

दोन्ही मोर आळीपाळीनं आम्हाला भेटून जात होते. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. मागचा ट्रक पार मागे राहिला. त्याच्या समोर ‘सावधान’ हा शब्द रस्ताभर नाचत असणार. मी ब्रेकवर पाय ठेवला, तर ट्रॉली आणखीच उसळली. शांत राहा, ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, पाय उचला, असं व्हिडिओत सांगतात. यातलं मला काही आठवलं नाही. मी फक्त भीतीनं दोन्ही पाय वर घेतले. बरोबर तेच करायचं होतं. जीप आपोआप मंदावली, मोर दमले आणि आम्ही पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यासमोर कडेला लागलो.

मोठ्या मायनं पदर सावरला आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “तू गाडी चालाडस का पाळणा हालाडस?”

भाऊ कधी नव्हे तो चटकन खाली उतरला होता. त्यानं ताडपत्रीचं टोक उचललं. चौरंगाचा हार तुटून खाली पडला होता.

“झालं,” तो म्हणाला आणि खिशातून फोन काढला. “हॉलवाल्याला सांगतो.”

“खापरं बघ,” मोठी माय म्हणाली.

बायकोनं गोधड्या उलगडल्या. खापरं धड होती. चौरंग धड होता. डाळीतला दाणा सांडला नव्हता.

“पण हार तुटला ना? काही झालं तर, असं ठरलं होतं.”

“तू भुसावळथून आना व्हता का हार?” मोठी माय म्हणाली. “हार मी करेल शे. दुसरा करसू.”

भाऊनं फोन खिशात ठेवला, पण हात फोनवरच ठेवला.

आता काहीतरी करणं भाग होतं. दांडीवर भार किती आहे ते मोजावं म्हणून मी काटा काढला, विटेवर ठेवला, चाकांना दगड लावले आणि हुकाची खीळ ओढली. तर काट्यावर येण्याऐवजी दांडी उडी मारून आभाळाकडे गेली आणि ट्रॉलीचं मागचं अंग धप्पकन जमिनीला टेकलं. भाऊ दोन पावलं मागे सरला. चौरंग आता ढगांकडे तोंड करून बसला होता. लुगड्याच्या पट्ट्यांनी धरून ठेवला, नाहीतर कानबाई त्याच वर्षी भुसावळला गेली असती.

ढाब्यावरची माणसं चहा घेऊन बघायला आली. मी सगळ्यांना शास्त्र सांगू लागलो. शंभरातलं साठ, दांडीवरचा भार, पट्ट्यावरची खेळण्यातली गाडी.

“उलाळ शे गाडी,” मोठी माय मध्येच म्हणाली. “बैलगाडी मांगे जड व्हयनी की उलाळ व्हस. त्यामां काय सांगानं इतलं?”

“तुला माहीत होतं?”

“माले जळगावलेच दिसनं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू मोबाईल दखाडी ऱ्हायना व्हता,” ती म्हणाली. “आनि देवीना पुढे काय ठेवाले सांगू?”

ही खरी अडचण होती आणि ती आम्हा दोघांची सारखीच होती. मला वजन पुढे पाहिजे होतं, देवीला पुढे काही नको होतं. भाऊला हे पुरेपूर कळलं होतं, म्हणून तो बाजेवर बसून चहा पिऊ लागला. भुसावळच्या हॉलमधले पंखे त्याच्या चेहऱ्यावर फिरत होते.

मोठी माय ट्रॉलीच्या कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. एकदा चौरंगाकडे बघायची, एकदा पोत्यांकडे. मग तिनं एका पोत्यावर हात ठेवला.

“हाई काय शे?”

“गहू.”

“कोना?”

“आपला.” मग मी थांबलो. “रोटाचा.”

“म्हंजे तिना,” मोठी माय म्हणाली. “सामान बठ्ठं मांगे. पण गहू सामान नही शे. गहू तिना शे. तो तिना पायजोडे बसई.”

पायजोडे म्हणजे पायांपाशी. चौरंगाचे पाय पुढेच होते. मी त्या क्षणी मोठ्या मायच्या पाया पडणार होतो, पण हातात पोतं होतं.

एकदा वाट मोकळी झाली म्हटल्यावर मला जोर चढला. गहू गेला. डाळ मांड्याच्या पुरणाची, म्हणजे नैवेद्याची, तीही गेली. गूळ त्याच पुरणाचा. ढाब्यावरची माणसंही हात लावू लागली. बायकोनं सिलिंडर गडगडत आणला. “हाही तिचाच म्हणायचा का?”

“सिलिंडर तुमना,” मोठी माय म्हणाली. तो मागेच राहिला. पितळी पातेल्यांना मात्र मी नैवेद्याची म्हणून पुढे पास करून घेतलं.

मग दांडी काट्यावर टेकवली. काट्याचा काटा गरकन एक फेरी मारून पुन्हा शून्याजवळ येऊन थांबला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो माणसांसाठी आहे. तोवर ढाब्याचा मालक त्यावर उभा राहून गेला, मग दोन ट्रकवाले, मग बायको, कोणी बघत नाही असं बघून. भाऊ म्हणाला, “माझं पंच्याहत्तर आहे. रेल्वेत असताना मोजलं होतं.” कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं, पण तो उभा राहिला. काटा पंच्याहत्तरवर क्षणभरही न थांबता पुढच्या गावाला निघून गेला.

“काटा बिघडलाय,” भाऊ म्हणाला. दांडीनं नुकताच बिघडवला असल्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

पुन्हा निघालो. ट्रॉली आता शहाण्या सुनेसारखी सरळ मागे येत होती. पण जीपचं मागचं अंग दबलेलं, नाक वर, आणि पुढची चाकं रस्त्याला जेमतेम हात लावून चालल्यासारखी. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की जीप थोडा विचार करून मग वळायची.

“आते धुरजड व्हयनी,” मोठी माय म्हणाली. बैलगाडी पुढे जड झाली की बैलांच्या मानेवर येते, तिला धुरजड म्हणतात. इथे बैल म्हणजे माझी जीप, आणि तिच्या पाठीवर आधीच भाऊ.

पेट्रोल पंपावर पुन्हा थांबलो. पातेली मागे नेऊन चाकांवर ठेवली. थोडं बरं झालं, पण जीपचं नाक अजून वरच. आता काय करायचं हे मला दिसत होतं, बायकोला दिसत होतं आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तुम्हीच सांगा.

“भाऊ,” मी म्हणालो, “तुम्ही पुढे बसाल का?”

“का?”

“पुढे जरा… म्हणजे, भक्कम माणूस पाहिजे.”

“मी काय पोतं आहे?”

“तसं नाही.”

“मग कसं? आणि आई मागे बसेल? तिचा मान पुढे बसायचा. मानाचं तुम्हीच बघता ना सकाळपासून?”

उत्तर मोठ्या मायनं दिलं. ती दार उघडून उतरली, वळसा घालून मागे गेली आणि मागच्या बाकावर चढायला हात पुढे केला.

“मी मांगे बससू. तठून माले चौरंग दिसई,” ती म्हणाली. मग ट्रॉलीकडे गेली, पोत्यावर सांडलेलं हळदीकुंकू बोटाला घेऊन आली आणि भाऊच्या कपाळाला लावलं. “तू बैस पुढे. देवीनी गाडी संभाळ.”

भाऊ काहीतरी बोलणार होता. पण कपाळाला कुंकू लागल्यावर माणसाला वाद घालणं जड जातं. तो पुढे बसला. जीपनं नाक खाली घेतलं, पुढची चाकं रस्त्यावर टेकली आणि पुढे एक फर्लांग गेल्यावर मी स्टिअरिंग फिरवलं तर जीप पहिल्यांदा विचार न करता वळली.

“फरक पडला का?” भाऊनं विचारलं.

“खूप.”

तो ताठ बसला. काही वेळानं म्हणाला, “जरा पुढे सरकू का?”

“सरका.”

धुळ्यात चहाला थांबलो तर भाऊ उतरेना. “मी उतरलो तर गाडी उलाळ होईल,” तो म्हणाला. गाडी उभी असताना काही होत नाही, हे मी सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. चहा त्याला जागेवर नेऊन दिला, भजीही नेऊन दिली. भजीची दुसरी बशी त्यानं स्वतः मागवली. “तुमच्यासाठीच खातोय,” तो म्हणाला.

सोनगीरजवळून जाताना मागे पितळी पातेली एकदम खणखणली. ती तिथल्याच तांबटांनी घडवलेली, माहेर दिसलं असेल. भाऊनं दचकून आरशात पाहिलं आणि मला म्हणाला, “हळू घे. चाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही. मागे माणसं नाहीत, देवी आहे.” हाच माणूस सकाळी आंब्याखाली उभा होता.

गावात पोचलो तर भाऊबंदकी ओट्यावर जमली होती. ट्रॉली मागे घेऊन दारापाशी लावायची होती. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रॉली उजवीकडे गेली. उजवीकडे फिरवलं, तर शेजाऱ्यांच्या गोठ्यात शिरू लागली. म्हशीनं मोराकडे पाहिलं. सगळी गल्ली हातवारे करून मला सांगू लागली आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. शेवटी भाऊ गरजला, “सोडवा रे तिला. हातानं ढकला.” आणि तो स्वतः खाली उतरून दांडीला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच.

मोठी माय दारात उभी राहिली. चौरंग आत गेला. खापरं एकेक करून मोजून, वाजवून आत गेली. सगळी धड. मी भाऊकडे पाहायचं टाळत होतो. सुरतेचा एक पुतण्या त्याला म्हणाला, “काका, मग पुढल्या वर्षी भुसावळला ना?”

मोठी माय गव्हाच्या पोत्याचं तोंड सोडत होती. तिचे हात थांबले.

भाऊनं सदरा झटकला. तो आता इस्त्रीचा राहिला नव्हता. “भुसावळला?” तो म्हणाला. “अरे, चौरंग कसा आलाय माहीत आहे का? पारोळ्याला गाडी उलटत होती. मी पुढे बसलो म्हणून देवी इथे आली. विचार याला.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“खरं आहे,” मी म्हणालो. आणि ते खरंच होतं.

“तर पुढल्या वर्षीही मीच पुढे बसणार,” भाऊ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मोठ्या मायनं रोटाचा गहू मोजायला घेतला. घरातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ परातीत पडत होती. भाऊची मूठ टाकताना तिनं बोटं जरा सैल धरली. दाणे चांगलेच जास्त पडले. तिनं ते परत घेतले नाहीत. मोठी माय सोमवारी देवीला पोचवून पोराबरोबर भुसावळला गेली. चौरंग मात्र माझ्या घरी ठेवून गेली, ट्रॉलीजवळ.

परवा, म्हणजे यंदाच्या आषाढात, भाऊचा फोन आला. आवाज बारीक. वहिनीनं आणि डॉक्टरांनी मिळून त्याला लाह्या, ताक आणि सकाळच्या चालण्यावर ठेवलंय. गाडीचं कसं होईल, ही त्याला काळजी.

“चार किलो गेलंय,” तो म्हणाला. “चालेल का?”

मी शास्त्राला स्मरून विचार केला. “चालेल, भाऊ. तुमच्या पायाशी तेवढा गहू ठेवू.”

मागे वहिनीचा आवाज येत होता, कोणाशी बोलताय म्हणून.

“नको,” भाऊ हळूच म्हणाला. “श्रावणापर्यंत मी भरून काढतो.”